उन्हाळी लागते तेव्हा

(बोईसर येथे महिला आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



आजचा विषय आपण मोठ्यानं बोलत नाही. लघवीला जळजळतं, थेंब थेंब होते, पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं. आपण म्हणतो, ‘उन्हाळी लागली’. जणू उन्हानंच ती लावली! मग धण्याचं पाणी प्यायचं, सब्जा भिजवून खायचा आणि कामाला लागायचं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं काम करणाऱ्या एका बाईला वर्षात चार वेळा हा त्रास झाला. मी विचारलं, “दिवसभरात पाणी किती पिता?” ती म्हणाली, “ताई, कामावर पीतच नाही. प्यायलं की जावं लागतं. संडासाची किल्ली सुपरवायझरकडे. किती वेळा मागायची?” सकाळी घरातून निघालेली बाई संध्याकाळी घरी येऊनच लघवीला जायची. दर वेळी मेडिकलमधून चार गोळ्या आणायची. जळजळ थांबली की गोळ्या बंद.

हे होतं कसं ते समजून घेऊ. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांब असतो, पुरुषाचा साधारण वीस. त्यामुळे गुदद्वाराजवळचे जंतू आपल्या मूत्राशयात सहज पोचतात. लघवी होत राहिली की ते वाहून जातात, तुंबवली की वाढतात. शरीरसंबंधानंतरही हा त्रास होऊ शकतो, म्हणून कुणी तुमच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये आणि तुम्हीही स्वतःला दोष देऊ नये.

आता घरचे उपाय. धणे-जिऱ्याचं पाणी, कोकम, ताडगोळे, सब्जा. हे सगळं आजीनं सांगितलेलं, आणि त्यातला मोठा गुण पाण्याचा आहे. 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 बायका त्यात होत्या. निम्म्या बायकांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. त्रास टाळायला पाण्याचा उपयोग होतो, मात्र झालेला संसर्ग पाण्यानं बरा होईलच अशी खात्री नाही. खायचा सोडा रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या बाईनं मनानं घेऊ नये. योनीत डेटॉल, लिंबू, साबण काहीही घालू नका.

मेडिकलमध्ये लघवी तपासायची पट्टी मिळते, ती आपली आपल्याला वापरता येते. सकाळची पहिली लघवी घ्या. सुरुवातीची सोडून द्या, मधली धार स्वच्छ कोरड्या बाटलीत धरा. पट्टी बुडवून काढा आणि डबीवर दिलेल्या वेळेला रंग जुळवा. उशिरा पाहिलेला रंग धरायचा नाही. दोन चौकोन महत्त्वाचे: एक पांढऱ्या पेशींचा, दुसरा नायट्राइटचा. जंतूंमुळे नायट्राइट तयार व्हायला लघवी काही तास मूत्राशयात राहावी लागते, म्हणून सकाळची चांगली. मात्र सगळेच जंतू नायट्राइट तयार करत नाहीत. तेव्हा पट्टी कोरी आली आणि त्रास चालूच असला तरी डॉक्टरकडे जायचं. कुठलं औषध लागू पडेल हेही पट्टी सांगत नाही, त्यासाठी लघवीचं कल्चर करावं लागतं. मनानं चार गोळ्या खाऊन सोडल्या की चिवट जंतू उरतात आणि पुढच्या वेळी तेच औषध चालेनासं होतं.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त यांतलं काही दिसलं तर घरी थांबू नका. मधुमेह असेल किंवा दिवस गेले असतील तरीही थांबू नका. गरोदरपणात त्रास नसतानाही लघवी तपासून घ्यावी, कारण लपलेला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि बाळंतपण दिवस भरण्याआधी होऊ शकतं.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, तेव्हा 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. इतकं दुखणं बायका मुकाट्यानं अंगावर काढत होत्या.

आपलं उन्हाळीचं दुखणंही त्यातलंच. पाणी प्या, असं मी सांगून मोकळी होईन. पण प्यायल्यावर जायचं कुठे? 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली, पण लोकलला संडास नसतो. वीटभट्टीवर आडोसा नसतो. कारखान्यात संडास असतो, त्याला कुलूप असतं. 1948 च्या कारखाने कायद्यानं बायकांसाठी स्वतंत्र संडास-मुताऱ्या सक्तीच्या केल्या. 2020 च्या नव्या संहितेतही ही जबाबदारी मालकाचीच आहे. तेव्हा ही मागणी म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे.

त्या पॅकिंगवाल्या बाईनं एकटीनं किल्ली मागितली तेव्हा तिला हसले. मग खात्यातल्या नऊ जणी एकत्र गेल्या. कुलूप निघालं. आत पाण्याचा नळ अजून आलेला नाही, त्यासाठी पुन्हा जाणार आहेत.

घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. पाण्याची बाटली भरून पिशवीत ठेवा. आणि शेजारच्या मशीनवरच्या बाईला विचारा, “तू दिवसभर लघवीला कुठे जातेस गं?” पुढच्या बैठकीला तिचं उत्तर घेऊन या.