ऊन, दिवा आणि पुडी

(भिवंडी येथे धामणकर नाक्यावर दिलेले भाषण)



आपली भिवंडी यंत्रमागांची. या नाक्यावरून रोज किती माणसे लूमवर जातात! पाळी बारा-बारा तासांची. रात्रपाळी असली की दिवस झोपेत जातो. दिवसपाळी असली की ऊन दाराबाहेर राहते. मग कंबर दुखते, मांड्या भरून येतात, जिना चढवत नाही. आपण म्हणतो, कामाचा शीण. तो असेलही. पण कधी कधी हाडांना ऊन कमी पडलेले असते.

ते कसे, ऐका. अन्नातले कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवे. अंगावर ऊन पडले की आपली कातडी ते तयार करते. ते कमी पडले तर मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठ्यांची हाडे मऊ होतात.

हे कळले कसे? १९१९ साली बर्लिनच्या हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना एका खास दिव्याखाली ठेवले. उन्हातले काही किरण डोळ्यांना दिसत नाहीत. तसले किरण त्या दिव्यातून निघत. मुलांची हाडे सुधारली. दुसरा पुरावा आपल्या नाशिकचा. हचिसन आणि शाह यांनी तो १९२२ साली प्रसिद्ध केला. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांत हा रोग दिसला. गरिबाचे खाणे हलके, पण उन्हात राबणाऱ्यांत तो क्वचितच होता.

मग दिवाच लावावा का? नाही, मंडळी. परदेशात गोरे लोक कातडी सावळी करायला अशा दिव्यांच्या पेटीत निजू लागले. पण त्याने कातडीचा कर्करोग होतो, असे तपासात दिसले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या पेट्यांना तंबाखूच्या पंक्तीत बसवले. त्याच साली ब्राझील देशाने त्यांवर बंदी घातली.

आता पुडीचे बघू. दुकानात ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी मिळते. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ६०० युनिट पुरतात. करा हिशेब! एका पुडीत शंभर दिवसांचा वाटा झाला. म्हणून डॉक्टर ती बहुधा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच देतात. ताकद येते म्हणून कोणी रोज घेतली, तर जास्तीचे लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठते. रक्तात कॅल्शियम वाढते, ओकाऱ्या होतात, मूत्रपिंडे बिघडतात. तेव्हा पुडीवरचा आकडा वाचा. आता तुम्हाला वाचता येते, दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला बघायचे?

ऊन मात्र फुकट आहे. कोवळ्या उन्हात ते किरण फार थोडे. सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेत ते जास्त असतात. काचेतून आलेले ऊन कामाचे नाही. जेवणाच्या सुट्टीत हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बाहेर बसा. घरातल्या बायकांनीही गच्चीवर, अंगणात बसावे. कातडी भाजेपर्यंत बसू नका. उन्हाळ्यात डोके झाका, पाणी प्या. दूध, नाचणी, अंडी, तारली, बांगडा, जे परवडेल ते खा.

मालकांनाही सांगणे आहे, सुट्टीत कामगाराला बाहेर जाऊ द्या. आणि दुखणे हटत नसेल, मुलाचे पाय वाकत असतील, तर सरकारी दवाखाना गाठा. उद्यावर टाकू नका.