फिफ्टीन की फिफ्टी? आकडा दोनदा विचारा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



आज इंग्रजी आकड्यांवर बोलायचं आहे. लगेच कुणीतरी म्हणेल, "बाई, आम्हाला कुठं इंग्रजी येतं?" पण सकाळपासून आपल्या तोंडात किती इंग्रजी आकडे येतात ते मोजून बघा. लेकरू फिफ्थला आहे. रिचार्ज टू नाइन्टी नाइनचा मारला. दवाखान्यात सांगितलं, बीपी वन फोर्टी आहे, हिमोग्लोबिन नाइन पॉइंट फाइव्ह आहे. शाळेची पायरी न चढलेली बाईसुद्धा हे शब्द रोज ऐकते. म्हणजे इंग्रजी आकडे आपल्या घरात कधीच आलेत. ते नीट ऐकू येतात का, एवढंच बघायचं. कारण आकडा चुकला की पैसा चुकतो.

पहिली गोष्ट, टीन आणि टी. थर्टीन म्हणजे तेरा, थर्टी म्हणजे तीस. फोर्टीन चौदा, फोर्टी चाळीस. फिफ्टीन पंधरा, फिफ्टी पन्नास. तेरापासून एकोणीसपर्यंत अशा सात जोड्या आहेत. बोलताना फरक फक्त शेपटीचा. टीन म्हणताना शेवट लांबतो, टी म्हणताना शब्द पटकन संपतो. फोनवर, गाडीच्या आवाजात, मोंढ्याच्या गोंधळात ही शेपटी ऐकूच येत नाही. हळदीचे कट्टे सिक्स्टीन सांगितले की सिक्स्टी, कसं कळणार?

आपल्या जिल्ह्यातल्या एका गटाचं सांगते. फोनवर निरोप आला की हप्ता थर्टीन्थला कटणार. कोषाध्यक्ष ताईंना ऐकू आलं थर्टीएथ, म्हणजे तीस तारीख. तेराला खात्यात पैसे नव्हते. हप्ता परत गेला आणि वरून दंड कटला. ताईंचा त्यात काय दोष? सांगणाऱ्यानं "तेरा तारीख" एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. म्हणून असा आकडा आला की लगेच विचारायचं, "वन थ्री की थ्री झीरो?" नाहीतर सरळ मराठीत, "तेरा की तीस?" विचारण्यात कमीपणा नाही.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजीच वाईट. तसंही नाही. आपली मराठीसुद्धा लेकरांना अवघड जाते. आपण त्रेपन्न म्हणतो तेव्हा आधी तीन येतो, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच, मग तीन. इंग्रजीत फिफ्टी थ्री जसं बोलायचं तसंच लिहायचं. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत "वीस एक" असंही वाचायला दिलं, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. गणिताच्या समितीवर मंगला नारळीकर होत्या. मुलांना जोडाक्षरांचे आकडे जड जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद बाजूला ठेवा, पण घरातलं चित्र बघा. आजीला एकोणऐंशी कळतं, सेव्हन्टी नाइन कळत नाही. नातवाला सेव्हन्टी नाइन कळतं, एकोणऐंशी कळत नाही. दोघांनी मिळून पासबुक वाचलं तर दोघंही शिकतील.

दुसरी गोष्ट, पॉइंट. आपल्याकडे पाव, सव्वा, दीड, अडीच असे किती नेमके शब्द आहेत! इंग्रजीत दीडला वन पॉइंट फाइव्ह म्हणतात. आता नीट ऐका. "वन पॉइंट फाइव्ह लाख" म्हणजे दीड लाख, १,५०,००० रुपये. एक लाख पाच हजार नव्हे. दोन्हीत ४५,००० रुपयांचा फरक आहे. कर्जाचा आकडा पॉइंटमध्ये सांगितला की म्हणायचं, "पूर्ण रुपये लिहून दाखवा." आणि कुठं मिलियन शब्द आला तर एक मिलियन म्हणजे दहा लाख.

तिसरी, परसेंट. कुणी "टू परसेंट" म्हटलं की विचारा, महिन्याला की वर्षाला? दहा हजारांवर महिन्याला दोन टक्के म्हणजे महिन्याचे २०० रुपये. मुद्दल तेवढंच राहिलं तर वर्षाचे २,४०० रुपये, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. वर्षाला दोन टक्के म्हणजे वर्षाचे फक्त २०० रुपये. शब्द तोच, पैसे बारा पट.

चौथी, फोनवरचे नंबर. डबल एट म्हणजे ८८, ट्रिपल फोर म्हणजे ४४४. शून्याला कुणी झीरो म्हणतं, कुणी नुसतं "ओ" म्हणतं. नंबर लिहून घेतला की मोजा, मोबाइलचे दहा आकडे भरले पाहिजेत. आणि ओटीपी विचारणारा कितीही गोड बोलला, तरी तो आकडा कुणालाच सांगायचा नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा.

आता हक्काचं बोलू. चेक मराठीत लिहिता येतो. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. अक्षरी रुपये "पंधरा हजार फक्त" असं मराठीत बिनधास्त लिहा. १८८१ च्या कायद्यानुसार चेकवर आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षरातली रक्कम खरी धरतात. व्यवहारात बँक असा चेक बहुतेक वेळा परतच करते. म्हणून दोन्ही जुळवूनच सही करा. मायक्रोफायनान्सचं कर्ज घेत असाल, तर एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार करारनामा आणि कर्जाचं कार्ड तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे. "इंग्रजीतच असतं, करा सही" असं कुणी म्हटलं तर सही थांबवा. समजून घेतल्याशिवाय अंगठाही लावायचा नाही.

शेवटी एकच काम देते. पुढच्या बैठकीपासून इतिवृत्तात प्रत्येक रक्कम आकड्यात आणि मराठी अक्षरात लिहायची. कोषाध्यक्षांनी ती मोठ्यानं वाचायची. मग कुणीही एका बाईनं तीच रक्कम परत म्हणून दाखवायची, रोज वेगळ्या बाईनं, मागच्या रांगेतल्या मावशींनीसुद्धा. हिशोब एकट्या कोषाध्यक्षाचा नाही, दहाही जणींचा आहे. तो दहाही जणींना ऐकू आला पाहिजे.