औषध तेच, भार हलका



आम्लपित्ताच्या जुनाट विकारात गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागल्या, की वसई-विरारमधील बेताच्या मिळकतीचे कुटुंब भिडेपोटी काही न बोलता त्या मध्येच थांबवते. पैसे वाचतात, अन्ननलिकेच्या जखमेला मात्र ही बचत महागात पडते.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधांची मूळ नावे. वेष्टनावरील व्यापारी नाव निराळे असले, तरी घटक व मात्रा तीच असल्यास औषध तेच. केंद्र शासनाने २००८ मध्ये आरंभलेल्या जनऔषधी योजनेच्या केंद्रांत ते साधारणतः ५० ते ८० टक्के स्वस्त मिळते. डॉक्टरांकडून मूळ नाव लिहून घ्यावे. गोळी किती दिवस आवश्यक, हेही विचारावे. तरीही खर्च झेपत नसल्यास निःसंकोच कार्यालयात सांगावे. दात्यांचा निधी त्याचसाठी आहे.