पानांवाचून जगणारी आमरी

आपले अन्न सूर्यप्रकाशात स्वतः सिद्ध करते ती वनस्पती, असे आम्ही शिक्षक मुलांना शिकवितो. आशियाच्या उष्ण प्रदेशांतील अरण्यांत मात्र या व्याख्येला न जुमानणारी आमरीची एक प्रजाती वाढते. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० साली तिला ‘गॅस्ट्रोडिया’ असे नाव दिले. फुलाचा आकार फुगीर, म्हणून उदरवाचक ग्रीक शब्दावरून हे नाव आले. तिला हिरवी पाने नाहीत, हरितद्रव्यही नाही. वर्षाचा बहुतेक काळ ती पालापाचोळ्याखाली कंदरूपाने असते. फुलण्याच्या ऋतूत तेवढा तपकिरी दांडा वर येतो.

मग ती जगते कशावर? जपानी संशोधक कुसानो यांनी १९११ साली याचे उत्तर दिले. हिमालयापासून जपानपर्यंतच्या थंड डोंगराळ भागांत वाढणाऱ्या ‘गॅस्ट्रोडिया इलाटा’ या जातीच्या कंदात त्यांना आर्मिलारिया नामक बुरशीचे तंतू आढळले. ही बुरशी मोठमोठे वृक्ष पोखरून मारते. पण आमरीच्या कंदात शिरली की तिचे तंतू तेथील पेशींत पचून जातात. शिकाऱ्याचीच शिकार व्हावी, असा हा प्रकार! आमरीचे बी तर धुळीच्या कणाएवढे. त्यात अन्नाचा साठा नसतो. म्हणून पालापाचोळा कुजविणारी दुसरी एक बुरशी भेटल्याखेरीज ते रुजतच नाही.

चीनमध्ये या कंदाला औषध म्हणून शतकानुशतके मागणी आहे. लोक रानातून कंद खणून आणीत. नुसते मातीत लावून पीक येत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओंडक्यांवर आधी बुरशी वाढवून ते कंदांसह पुरण्याची युक्ती साधली, तेव्हा कोठे शेती होऊ लागली. तरीही रानातील ही जाती आज संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

झाडावर वाढणाऱ्या हिरव्या आमरीला आपण उगाच बांडगूळ म्हणून दूषण देतो. ती झाडाकडून आधारापलीकडे काही घेत नाही. गॅस्ट्रोडिया मात्र खरोखरच परान्नावर जगते. म्हणूनच तिला कुंडीत घालून वाचविता येत नाही. वृक्ष, कुजते लाकूड, पाचोळा आणि बुरशी हे सारे राहिले तरच ती राहील. पाचोळा म्हणजे केर समजून रानाची जमीन झाडून काढणाऱ्यांनी, त्या केराखाली कोणाचा संसार चालला आहे, याचा क्षणभर विचार करावा.