आठवणीला आठवण कशी जोडली जाते
(मावळांतील एका खेड्याच्या शाळेंत पालकांपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही कोणाची स्तुति करावयास किंवा वर्गणी मागावयास उभे राहिलों नाहीं. एक आठवण आली कीं तिच्या पाठोपाठ दुसरी येते, दुसरीमागून तिसरी. हें आपणां सर्वांच्या मनांत रोज घडतें. तें कसें घडतें, आणि आपल्या पोरांच्या शिक्षणाशीं त्याचा काय संबंध आहे, एवढेंच सांगावयाचें आहे.

'धरण' हा शब्द घ्या. शहरच्या माणसापुढें तो उच्चारला तर त्याला नळ आणि विजेचा दिवा आठवतो. पावसाळ्यांत लोणावळ्यास येणाऱ्या पाहुण्याला भुशी धरणाच्या पायऱ्या आणि चिक्की आठवते. मुळशीच्या माणसाला बुडालेलीं गांवें आणि १९२१ सालचा सत्याग्रह आठवतो. आपल्या पवन मावळांतल्या माणसाला ९ ऑगस्ट २०११ चा दिवस आठवतो. त्या दिवशीं बऊर येथें जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनांत पोलिसांच्या गोळीबारानें तीन शेतकरी गेले. शब्द एकच, पण ज्याच्या मनांत त्याच्याबरोबर जें आलें, तेंच त्याच्यामागून येतें.

ग्रीस देशांतील ॲरिस्टॉटल नांवाच्या तत्त्ववेत्त्यानें तेवीसशें वर्षांपूर्वीं याचे तीन मार्ग सांगितले. जवळ असलेली वस्तु आठवते, सारखी असलेली आठवते आणि उलट असलेलीहि आठवते. खळें म्हटलें कीं बैल आठवतात, एका भावाला पाहिलें कीं दुसरा आठवतो, आणि पुराच्या वर्षीं दुष्काळाची गोष्ट निघते. यांत एक गोष्ट आणखी आहे. माळावरून एकदां गेलें तर गवत पुन्हां उभें राहतें. रोज गेलें तर पाऊलवाट पडते. आणि जाणें सोडलें तर एका पावसाळ्यांत ती बुजते. मनांतल्या वाटांचेंहि तसेंच आहे.

आपल्या भागांत याला जात्यावरच्या ओव्यांइतका चांगला दाखला दुसरा नाहीं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनीं सहकाऱ्यांसह मुळशी-मावळाच्या डोंगरांतून आणि पुढें महाराष्ट्रांतल्या शेंकडों गांवांतून बायांच्या तोंडच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. २०१७ सालापासून 'पारी' या संस्थेनें त्या जगापुढें मांडण्यास आरंभ केला. या बायांपैकीं पुष्कळींनीं शाळा पाहिली नव्हती. एखाद्या म्हातारीला ओट्यावर बसवून "आजी, ओवी सांगा" म्हटलें तर ती म्हणते, "अशी कशी सुचंल बाबा? जातं घे म्होरं." खुंट्यावर हात पडला, घरघर सुरू झाली, कीं एकीमागून एक ओवी येऊं लागते. हात, आवाज, पहांटेची वेळ, समोर बसलेली जाऊ, या सगळ्यांशीं ती ओवी बांधलेली असते. गिरणी आली, बायांचे कष्ट वांचले, हें चांगलेंच झालें. पण जातें थांबलें तेव्हां ओवीकडे नेणारी वाटहि बुजत चालली.

कारागिराचें ज्ञान याच जातीचें आहे. लोहार तापलेल्या लोखंडाचा रंग पाहतो आणि घण केव्हां घालावयाचा तें ओळखतो. कुंभार मडक्यावर बोट वाजवून आवाजावरून चीर सांगतो. ही विद्या पुस्तकांत नाहीं म्हणून ती विद्या नव्हे असें म्हणणारे लोक आहेत. आम्ही म्हणतों, डोळा, कान आणि हात यांशीं जें बांधलें गेलें तेंच पक्कें ज्ञान होय.

आतां शाळेकडे वळूं. सातचा पाढा 'सात एके सात' पासून धडाधड म्हणणाऱ्या मुलाला मध्येंच "सात आठे किती?" असें विचारा. तो गप्प होतो आणि मनांत पुन्हां पहिल्यापासून चढत येतो. कारण त्याच्या मनांत प्रत्येक ओळ फक्त आदल्या ओळीला बांधलेली आहे. त्याच मुलाला लावणीच्या वेळीं वाफ्यांत न्या. सात ओळी, ओळींत आठ चूड, मोजावयास सांगा. छप्पन्न हा आंकडा आतां चिखलाशीं, रोपांशीं आणि त्याच्या स्वतःच्या बोटांशीं बांधला गेला. तो सहसा सुटत नाहीं.

जर्मनींत एबिंगहाउस नांवाच्या विद्वानानें हें स्वतःवरच तपासून पाहिलें व १८८५ सालीं ग्रंथ लिहिला. त्यानें अर्थ नसलेलीं अक्षरें पाठ केलीं आणि अर्थ असलेली कविताहि पाठ केली. कवितेला सुमारें दहाव्या हिश्श्याचेच श्रम लागले. त्याला दुसरेंहि एक दिसलें. एकाच बैठकींत ६८ वेळां घोकून जें साधलें, तें तीन दिवसांत वांटून ३८ वेळां घोकल्यानेंच साधलें. तेव्हां परीक्षेच्या आदल्या रात्रीं पोराला दिव्यापुढें डांबून ठेवण्यापेक्षां रोज थोडा वेळ बसवावें. त्यांत मुलाचे श्रम कमी आणि लाभ जास्त आहे.

मन चांगल्या गोष्टी जोडतें, तशा वाईटहि जोडतें. इंग्लंडांतील लॉक या तत्त्ववेत्त्यानें आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या १७०० सालच्या आवृत्तींत याचें उदाहरण दिलें आहे. दाई पोराला अंधारांतल्या भुतांच्या गोष्टी सांगते. अंधाराचा आणि भुतांचा वास्तविक कांहीं संबंध नाहीं. पण एकदां ते जोडले गेले कीं कदाचित् जन्मभर सुटत नाहींत. तसेंच पुस्तक उघडलें कीं पाठींत रट्टा, असें ज्याच्या वांट्याला आलें, त्याला पुस्तक पाहतांच पाठ दुखल्यासारखी वाटते. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंतल्या मारास बंदी केली आहे. घरांतला मार मात्र तुम्हींच बंद करावयाचा आहे.

पण आपल्या घरोघर सर्वांत घट्ट बसलेली गांठ आहे ती कागद आणि भीति यांची. कितीएक पिढ्या आपल्या उंबऱ्याच्या आंत कागद आला तो सावकाराचा, जप्तीचा, नाहींतर जमीन घेतल्याच्या नोटिशीचा. म्हणून कागद दिसला कीं अजूनहि आपला माणूस विचारतो, "आंगठा कुठं करूं तेवढं सांगा." शिकलेला मुलगासुद्धां घाईनें सही करून मोकळा होतो. आज लोणावळा-तळेगांवच्या भोंवतालच्या जमिनीवर मोठमोठ्यांची नजर आहे. अशा वेळीं न वाचतां केलेली एक सही वाडवडिलांचें शेत घेऊन जाईल.

ही गांठ "भिऊं नको" असें सांगून सुटत नाहीं. तीच वस्तु चांगल्या प्रसंगाशीं पुन्हां पुन्हां जोडावी लागते. म्हणून आमची विनंति अशी : संध्याकाळीं जेवणें झालीं कीं आपल्या मुलामुलींकडून घरचा सातबारा वाचवून घ्या. गट नंबर, क्षेत्र, भोगवटादारांचीं नांवें, इतर हक्कांतला बोजा, एकेक शब्द वाचूं द्या. तो वाचील तसें तुम्ही सांगा, हा बांध कोणीं घातला, हें नांव कोणाचें, ह्या तुकड्यांत कोणतें भात होत असे. महिन्यांतून दोनदां तरी असें करा, आणि मुलीला अगोदर वाचूं द्या. कागद म्हटलें कीं त्या लेकरांना आजोबा, बांध आणि आईचा शेजार आठवूं लागेल, आणि मग ती कोणताहि कागद हातीं घेऊन वाचल्यावांचून सोडणार नाहींत.

१८८२ सालीं हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं निवेदन केलें. खेड्यांतल्या शाळेंत हिशेब आणि शेतीचें ज्ञान असावें, आणि मास्तर शेतकरी वर्गांतले, वेळ पडल्यास रुमणें किंवा वाकस हातीं धरूं शकणारे असावेत, असें त्यांनीं त्यांत मागितलें. शाळा आणि शेत हीं मुलाच्या मनांत एकत्र बांधलीं जावींत, हाच त्याचा अर्थ आम्ही घेतों. आमच्याकडून वर्गांत जें होईल तें आम्ही करूं. घरचें काम तुमचें आहे, आणि त्याला लिहितां वाचतां आलेंच पाहिजे असें नाहीं.