वकील सरकारी खर्चाने, हक्क आपला

नवऱ्याचा मार सोसणारी बाई कोर्टाची पायरी चढत नाही, त्यामागे पहिली भीती असते ती वकिलाच्या फीची. वास्तविक विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे तहसीलदाराचा दाखला आणा, असे तिला कोणी सांगू नये. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगायचे, तिथले कर्मचारी उतरवून घेतात. कोर्ट फीसुद्धा भरावी लागत नाही.

‘केस केली की घर मोडते’ असे नातेवाईक बजावतात. पण 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मुळात तुरुंगासाठी नाहीच. संरक्षण, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे आणि मुलांचा तात्पुरता ताबा, हे सारे एकाच अर्जात मागता येते. घर सासऱ्याच्या नावावर असले तरी तिला मनमानीने बाहेर काढता येत नाही. शिक्षेचा प्रश्न येतो तो संरक्षणाचा आदेश मोडल्यावर. निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. तारखा लांबतात, हेही खरे. म्हणूनच अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच दिवशी करावी. फुकटचा वकील लक्ष घालत नाही, ही तक्रारही कधी कधी रास्त असते. तसे झाले तर विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी कळवा. मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100 हा क्रमांक लिहून ठेवा.