देशोदेशींची न्याहारी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, शिष्यवृत्ती, वसतिगृह अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा आपला परिपाठ आहे. त्या पंक्तीत न्याहारीला पाट मांडलेला पाहून कित्येकांच्या मुखावर स्मित उमटले असेल. परंतु जो प्रश्न प्रत्येक घरात रोज सूर्योदयाबरोबर उभा राहतो, त्याला क्षुल्लक कोण म्हणेल? देशोदेशींच्या न्याहारीचे वर्णन मी आज थोडक्यात करणार आहे. ते ऐकताना आपण एकच गोष्ट ध्यानात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. घरातील सर्वांना सकाळी उठल्यावर जे ताट मिळते, त्यासाठी त्यांच्या आधी कोण उठते?

प्रथम शब्दच पाहा. इंग्रजीतील ब्रेकफास्ट म्हणजे उपवास सोडणे, आपल्या भाषेत पारणे. स्पॅनिश भाषेतील देसायुनो या शब्दाचा अर्थ तोच. इजिप्तमध्ये सकाळच्या खाण्याला फितार म्हणतात. रमजानमध्ये सूर्यास्तानंतर रोजा सोडतात तो इफ्तार याच धातूपासून झाला आहे. आपल्या बोलण्यात रुळलेला नाश्ता हा शब्द फारसीतून आला आणि तेथे त्याचा मूळ अर्थ सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी, असा होता. जपानी माणूस सकाळच्या जेवणाला आसागोहान, म्हणजे सकाळचा भात, असे म्हणतो. तुर्की शब्द काहवाल्ती याचा अर्थ कॉफीच्या आधीचे खाणे असा होतो. मौज अशी की आज त्या ताटाशेजारी बहुधा चहाचा पेला असतो. पेय बदलले, नाव मात्र राहिले.

न्याहारीचा पहिला धनी म्हणजे भूमी. स्कॉटलंडच्या थंड व ओलसर हवेत गव्हापेक्षा ओट हे धान्य चांगले येते. म्हणून तेथील शेतकऱ्याने ओटचे भरड पीठ पाण्यात मीठ घालून शिजवले आणि त्या लापशीवर पिढ्या वाढवल्या. ती ढवळण्यासाठी लाकडाचा एक खास दांडा असतो, त्याला स्पर्टल म्हणतात. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या कोशात ओटची व्याख्या करताना हे घोड्याचे खाद्य स्कॉटिश लोक खातात, असा चिमटा काढला होता. आज त्याच ओटचे डबे आपल्या शहरांतील दुकानांत आरोग्याचे अन्न म्हणून मानाने विराजमान झाले आहेत. दुसऱ्याच्या ताटाला हसू नये, याचे याहून चांगले उदाहरण कोणते? आपणही नाचणीच्या आंबिलीला आणि ज्वारीच्या भाकरीला दीर्घकाळ गरिबाचे अन्न समजलो. पुढे भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा या धान्यांकडे आपण नव्याने पाहू लागलो.

न्याहारीचा दुसरा धनी म्हणजे रात्र. उत्तम न्याहारी पुष्कळदा आदल्या रात्रीच सुरू होते. इजिप्तचा फूल मेदामेस हा पदार्थ घ्या. वाळवलेले बाकला जातीचे घेवडे अरुंद तोंडाच्या मोठ्या भांड्यात घालून मंद आचेवर रात्रभर शिजू देतात आणि सकाळी त्यावर तेल, जिरे व लिंबू घालून रोटीबरोबर खातात. पूर्वी कैरो शहरात सार्वजनिक स्नानगृहांचे पाणी तापवणाऱ्या भट्ट्यांच्या निखाऱ्यांवर ही भांडी ठेवीत. दिवसा स्नानाला उपयोगी पडलेला अग्नी रात्री नगराची न्याहारी शिजवीत असे. इथिओपियात तेफ नावाच्या अतिबारीक धान्याचे पीठ काही दिवस आंबवून इंजेरा नावाची सच्छिद्र पोळी करतात. आदल्या दिवशीच्या उरलेल्या इंजेराचे तुकडे मसाल्यात परतले की सकाळचे फिरफिर तयार होते. आपल्या फोडणीच्या पोळीचीच ही दूरची बहीण! दक्षिणेतील इडली आणि कोकणातील आंबोळी यांचेही रहस्य रात्रीच्या आंबण्यातच आहे.

तिसरा धनी म्हणजे हात. तेथेच मला थोडे थांबावयाचे आहे.

मेक्सिकोतील लोक हजारो वर्षे मका खात आले आहेत. पण ते मका नुसता दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात तो उकळतात, रात्रभर तसाच भिजू देतात, मग धुऊन ओला वाटतात. त्या पिठाच्या तोर्तिया, तामाले आणि आतोले नावाचे ऊन पेय सकाळी होते. या चुन्यात मोठे शहाणपण होते. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व असे बांधलेले असते की साध्या शिजवण्याने ते शरीराला लाभत नाही, चुन्याच्या संस्काराने ते मोकळे होते. युरोपियनांनी मका आपल्या देशी नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. परिणामी स्पेन व उत्तर इटलीत मक्यावरच निर्वाह करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा भयंकर रोग पसरला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने सहस्रावधी बळी घेतले. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून शोध घेऊन हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हे दाखवून दिले. १९३७ मध्ये कॉनराड एल्वेजेम यांच्या संशोधनाने नायसिनची गोष्ट उघड झाली. पदार्थ उचलावा आणि त्यामागची रीत टाकावी, त्याचे फळ असे मिळते.

पण या शहाणपणाचे मोल कोणी दिले? मेताते नावाचा, आपल्या पाट्यासारखा, दगड असतो. त्यावर गुडघे टेकून मेक्सिकन स्त्री अंधार असतानाच मका वाटू लागे आणि दिवसाचे कित्येक तास त्यातच जात. विसाव्या शतकात गावोगावी ओला मका वाटणाऱ्या गिरण्या येऊ लागल्या. मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांनी तेपोस्तलान या गावाचा अभ्यास केला. त्यांनी नमूद केले आहे की १९२० च्या दशकात तेथे गिरणी आली, तेव्हा पुरुषांचा तिला विरोध होता. घरच्या वाटण्याची गोडी गिरणीच्या पिठाला नाही, अशी तक्रार मेक्सिकोत ठिकठिकाणी ऐकू येई. शेवटी स्त्रियांनी गिरणीचा मार्ग धरलाच.

भगिनींनो, ही कथा तुम्हांला परकी वाटली का? जात्यावरच्या ओव्यांचे आपण मुक्तकंठाने कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्या ओव्या पहाटेच्या काळोखात, भरल्या हातांनी दगड ओढीत म्हटलेल्या आहेत. गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. ओव्या थांबल्या म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात, मात्र जाते पुन्हा ओढावयास तयार असलेला त्यांत कोणी आढळत नाही.

जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. भात, मिसोचे कढण, मासा व लोणचे ही तेथील जुनी न्याहारी. चुलीवर तो भात साधण्यासाठी गृहिणीला भल्या पहाटे उठून जाळ सांभाळीत बसावे लागे. टोकियोतील एक लहान कारखानदार योशितादा मिनामी यांनी भात आपोआप शिजवणारे विजेचे भांडे तयार करण्याचे काम अंगावर घेतले. त्यासाठी त्यांच्या पत्नी फुमिको यांनी पुनःपुन्हा भात शिजवून पाण्याचे, आचेचे व वेळेचे मोजमाप केले. १९५५ च्या डिसेंबरात तोशिबा कंपनीने ते भांडे बाजारात आणले. जपानची न्याहारी त्यामुळे बुडाली नाही. भात भातच राहिला, फक्त गृहिणीच्या वाट्याला थोडी अधिक झोप आली. २०१३ मध्ये युनेस्कोने जपानी भोजनपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

कित्येक देशांत सकाळची चूल घरी पेटतच नाही आणि त्यात कोणाला उणेपणाही वाटत नाही. व्हिएतनाममध्ये रात्रभर उकळलेल्या हाडांच्या कढणात तांदळाच्या शेवया घालून फो करतात. हानोई शहरात तो पहाटेच रस्त्यावरच्या दुकानात मिळतो. आपल्यातील शाकाहारी मंडळींनी क्षणभर क्षमा करावी. शांघायमध्ये भाजलेली रोटी, तळलेली लांब कणीक, चिकट भाताचा गोळा आणि सोयाबीनचे दूध या चार पदार्थांना लोक विनोदाने बौद्ध मंदिराच्या चार रक्षकदेवतांचे नाव देतात. घरोघर सोयाबीन भिजवून वाटण्यापेक्षा एकाने शंभरांसाठी वाटावे, हा त्यातील व्यवहार आहे. इतके दूर कशाला? आपल्या गोमंतकात पोदेर सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवीत सकाळी दारी पाव घेऊन येतो. त्या पावाने गोमंतकीय गृहिणीचे गृहिणीपण काही कमी झालेले नाही.

याच सोयीच्या वाटेने कारखान्याची न्याहारीही आली. अमेरिकेतील बॅटल क्रीक गावच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग व त्यांचे बंधू विल कीथ यांनी १८९४ च्या सुमारास धान्याच्या पातळ पापुद्र्यांचा प्रयोग केला. रुग्णांना पचायला हलके अन्न मिळावे, हा हेतू होता. १९०६ मध्ये धाकट्या बंधूंनी कंपनी काढली आणि रुग्णांचे पथ्य साऱ्या जगाच्या टेबलावर आले. झुरिच येथील डॉ. बिर्शर-बेनर यांची म्यूस्ली मुळात किसलेल्या सफरचंदाची होती. त्यात रात्री भिजवलेले ओट जेमतेम चमचाभर असत. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा डब्यांत हे प्रमाण उलटले आहे आणि वर साखर आली आहे. नाव घरात आले, पण रीत दाराबाहेर राहिली.

आता आपल्या घरांकडे वळू. सासऱ्यांना भाकरी, मुलाला डब्याची पोळी-भाजी, सुनेच्या कचेरीची घाई, नातवाला डब्यातले कुरकुरीत काहीतरी, अशा चार न्याहाऱ्या एकाच स्वयंपाकघरात होतात आणि त्या करणारी स्त्री शेवटी उभ्या उभ्या गार चहाबरोबर बिस्कीट खाते. परंपरेचा अभिमान आपण व्यासपीठावर बाळगतो, पण तिचा भार एकटीच्या खांद्यावर ठेवतो. मग ती परंपरा टिकणार कशी? ती टिकवावी असे मला मनापासून वाटते. म्हणूनच मी तीन गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट, सकाळी घरात सर्वांसाठी एकच पदार्थ व्हावा आणि सर्वांनी तो आनंदाने खावा. दुसरी, ज्या न्याहारीचे काम रात्री होते ते रात्रीच, आणि सर्वांनी मिळून करावे. डाळ-तांदूळ भिजत घालायला, पोहे निवडायला, नारळ खवायला पुरुषाचे हात नाकारण्याचे कारण नाही. तिसरी, आपल्या वृद्ध स्त्रियांना ठाऊक असलेल्या आंबील, पेज, उकड, घावन, थालीपीठ यांच्या रीती, म्हणजे किती भिजवावे, किती आंबवावे, भाजणीत काय किती घालावे, या लिहून घ्याव्यात, आणि त्या मुलांनाही शिकवाव्यात, केवळ मुलींना नव्हेत. मक्याच्या चुन्याप्रमाणे आपल्याही रीतींत एखादे शहाणपण दडलेले असेल. ते न लिहिता गेले तर पुन्हा शोधायला पिढ्या लागतील.

न्याहारी ही भूमीने दिलेली, रात्रीने सिद्ध केलेली आणि हातांनी वाढलेली वस्तू आहे. भूमीचे व रात्रीचे ऋण आपण फेडू शकत नाही. हातांचे मात्र उद्या सकाळीच फेडता येईल. तिच्यासाठी ताट वाढून तिला आपल्याबरोबर बसवा.